पहाटेचा धूमकेतू कोकणातून कसा शोधायचा: समुद्राकडे पाठ, सड्यावर मुक्काम

धूमकेतू पहाटे दिसणार अशी बातमी आली की कोकणात जाणारे बहुतेक जण किनाऱ्याजवळची खोली धरतात आणि पहाटे पाचला वाळूवर जाऊन उभे राहतात. समोर मोकळा समुद्र, अंधार, वर चांदण्या. पण कोकणचा समुद्र पश्चिमेला आहे आणि पहाटेचा धूमकेतू उगवतो पूर्वेकडे, म्हणजे नेमका पाठीमागे, माडांच्या आड. संध्याकाळच्या धूमकेतूसाठी ही किनारपट्टी फार उत्तम. पहाटेच्या धूमकेतूसाठी मात्र वाळू सोडून सड्यावर, म्हणजे गावावरच्या मोकळ्या कातळ-पठारावर, चढावं लागतं. या लेखाचा निम्मा भर त्यावरच आहे, कारण दुर्बिणी आणि कॅमेऱ्यांवर भरपूर लिहिलं जातं, पण जागा चुकली तर त्यातलं काहीच कामाला येत नाही.

आधी थोडं कारण समजून घेऊ. धूमकेतूचं केंद्रक म्हणजे बर्फ आणि धुळीचा, बहुतेक वेळा काही किलोमीटरचा गोळा. सूर्याजवळ आला की त्या बर्फाची थेट वाफ होते, सोबत धूळ उडते, भोवती प्रकाशाचं आवरण तयार होतं आणि शेपटी फुटते. म्हणजे धूमकेतू सर्वांत तेजस्वी असतो तो सूर्याजवळ असताना. आणि सूर्याजवळ असला की आपल्या आकाशातही तो बहुधा सूर्याच्या जवळपासच दिसतो. मग तो पाहायला सूर्योदयाआधीचा किंवा सूर्यास्तानंतरचा थोडासा वेळ उरतो. सी/२०२३ ए३ त्सुचिनशान-ॲटलास हा धूमकेतू २७ सप्टेंबर २०२४ रोजी सूर्याच्या सर्वांत जवळ होता. त्या दिवसांत तो पहाटे पूर्व क्षितिजालगत, मघा नक्षत्राच्या उजवीकडे खाली दिसत होता. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर तोच धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला आला. २०२५ च्या ऑक्टोबरात लेमन धूमकेतूचंही असंच झालं: महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात पहाटे ईशान्येला सप्तर्षींच्या भागात, नंतर दिवाळीच्या अमावास्येच्या सुमारास संध्याकाळी पश्चिमेकडे.

दोन्ही धूमकेतू पहाटेचेच, पण एक जवळजवळ थेट पूर्वेला आणि दुसरा ईशान्येला. १९८६ च्या मार्च-एप्रिलमध्ये हॅले पहाटे दक्षिणेच्या बाजूला होता. म्हणून "धूमकेतू बघायला कोकणात कुठे जाऊ?" या प्रश्नाला कायमचं एक उत्तर नाही. आधी धूमकेतूची दिशा काढायची, मग त्या दिशेला मोकळं क्षितिज असलेली जागा शोधायची. हाच क्रम ठेवा.

सह्याद्री आड येत नाही, माड येतात

पूर्वेला सह्याद्री आहे म्हणजे कोकणातून पहाटेचं क्षितिज दिसणारच नाही, असा एक समज आहे. हिशेब करून पाहू. रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यापासून सह्याद्रीचा कणा साधारण पन्नास-साठ किलोमीटर आत आहे. हजार मीटर उंचीचा डोंगर पन्नास किलोमीटरवरून पाहिला तर क्षितिजाच्या वर जेमतेम एक अंश भरतो. हात लांब करून करंगळी आडवी धरली तर तिची जाडी तेवढीच. तोच डोंगर पायथ्याकडे सरकून पंधरा किलोमीटरवरून पाहिला तर चार अंशांच्या आसपास होतो. म्हणजे पहाटेच्या धूमकेतूसाठी घाटाच्या पायथ्याला जाण्यापेक्षा समुद्राच्या जवळ राहणंच बरं.

खरा अडथळा जवळचा असतो. अठरा मीटर उंचीचा माड साठ मीटरवर उभा असेल तर तो सतरा अंश आकाश खातो. आपल्या अक्षांशावर पूर्वेकडची वस्तू एक अंश वर चढायला साधारण चार मिनिटं घेते. म्हणजे त्या माडांच्या रांगेवरून धूमकेतू वर येईपर्यंत तास-सव्वा तास जातो, आणि तोवर उजाडतं. गुहागरपासून मालवणपर्यंत किनाऱ्याला लागून माडाच्या वाड्या, सुरूची बनं आणि लगेच मागे टेकडीचा चढ, अशीच बहुतेक गावांची रचना आहे.

म्हणून सडा. गावाच्या वरचं जांभ्या दगडाचं मोकळं, सपाट पठार. झाडं तुरळक, असली तरी खुरटी. पाच मीटरचं झाड दोनशे मीटरवर असलं तर ते दीड अंशही झाकत नाही. गुहागर-हेदवीच्या वरचे सडे, राजापूर तालुक्यातला कशेळी-देवाचे गोठणेचा परिसर, पुढे देवगडकडचा पट्टा, इथे पूर्वेकडे डोळे लावून बसण्यासारख्या अनेक जागा आहेत. गुहागरच्या बाजूने पाहताना पूर्वेला चिपळूण आणि लोट्याच्या औद्योगिक वसाहतीचा उजेड क्षितिजावर चढलेला असतो. त्या मानाने राजापूर-देवगड पट्टा अधिक काळोखी, आणि निवड करायची वेळ आली तर माझं मत त्याच पट्ट्याला.

सड्यावर जाता येत नसेल, सोबत लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील, तर दोन पर्याय आहेत. पहिला, खाडीचा पश्चिमेकडचा काठ: समोर पाणी आणि पलीकडचा काठ दूर असेल अशी जागा, जिथून पूर्वेला पाण्यावरून नजर जाते. दुसरा पर्याय म्हणजे ओहोटीचा किनारा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर पहाटे पाच-सहाच्या सुमारास साधारण ओहोटी असते. पाणी लांब गेलेलं असतं आणि वाळूवरून झाडांपासून दीडशे मीटर दूर जाता येतं. तेवढ्यावरून अठरा मीटरचा माड सात अंशांवर येतो. धूमकेतू पंधरा अंशांवर असेल तर एवढ्यानेही काम होतं. मात्र भरती-ओहोटीची नेमकी वेळ गावातल्या मासेमारांना विचारूनच वाळूवर उतरा.

सड्यावर जाताना

दिवसाउजेडी जाऊन जागा पाहून या, याला पर्याय नाही. कारण चिरेखाणी. जांभ्याचे चिरे काढलेल्या खाणींच्या कडा सरळ, भिंतीसारख्या कापलेल्या असतात, सभोवार कुंपण बहुधा नसतं आणि कातळाच्या रंगात त्यांची कड रात्री अजिबात उठून दिसत नाही. जुन्या खाणींत पाणीही साठलेलं असतं. उपग्रहाच्या नकाशावर त्या तांबूस चौकोनांसारख्या स्पष्ट ओळखू येतात. तुम्ही बसणार ती जागा आणि गाडी लावण्याची जागा यांच्या मधल्या वाटेत एकही खाण नाही, याची खात्री करून घ्या. दिवसा ही वाट चालून पाहा आणि ठरावीक अंतरावर पांढऱ्या कापडाची किंवा चुन्याची खूण करून ठेवा. निघताना कापडं काढून आणा.

दुसरी काळजी सापाची. फुरसं कोकणातल्या कातळावर भरपूर आहे, ते लहान असतं, रात्री फिरतं आणि दगडांच्या सापटीत बसतं. घोट्याच्या वर येणारे बूट, जाड पँट, आणि चालताना उजेड पायाखाली. गडग्यावर (दगडी कुंपणावर) किंवा चिऱ्यांच्या ढिगावर बसू नका, दगड हाताने उचलू नका. बसायला घडीची खुर्ची न्या. दंश झालाच तर बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही करायचं नाही. माणसाला शांत ठेवायचं, हालचाल कमी करायची आणि १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठायचं. तिथे प्रतिविष मिळतं. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे आणि सड्यावर मोबाईलची रेंज येते का, हे दिवसाच्या फेरीत पाहून ठेवा.

तिसरी गोष्ट माणसांची. फेब्रुवारी ते मे आंब्याचा हंगाम, आणि बागांमध्ये रात्रभर राखणदार असतात, कुत्रे असतात. पहाटे चारला बागेच्या कडेने विजेऱ्या फिरताना दिसल्या तर चोर समजलं जाणारच. आदल्या संध्याकाळी बागवाल्यांना भेटून सांगा, "काका, उद्या पहाटे चार ते सहा आम्ही चौघं वरच्या सड्यावर धूमकेतू बघायला येतोय, गाडी वाटेच्या तोंडाशी लावू." बहुतेक वेळा काका स्वतःच येतात, आणि पूर्वेला मोकळं कुठून दिसतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. शिवाय १९६५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहाटे दिसलेला इकेया-सेकी धूमकेतू लहानपणी पाहिलेली माणसं असतील तर त्यांच्याकडून ऐकून घ्या.

कातळशिल्पांच्या, म्हणजे कातळावर कोरलेल्या जुन्या चित्रांच्या, भागात असाल तर गाडी कातळावर चढवू नका. अंधारात आपण एखाद्या चित्रावर उभे आहोत हे कळतही नाही. याच भागात आणखी एक सावधगिरी: मोबाईलच्या होकायंत्रावर विसंबू नका. जांभ्यात लोह भरपूर असतं, आणि देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पाजवळ तर होकायंत्राची सुई भरकटते हे प्रसिद्धच आहे. दिशा ध्रुव ताऱ्यावरून ठरवा. रत्नागिरीचा अक्षांश सतरा, म्हणून ध्रुव क्षितिजापासून सतरा अंशांवर दिसतो, म्हणजे दीड मुठीपेक्षा किंचित वर (हात लांब करून धरलेली मूठ दहा अंशांची).

कोणती पहाट धरायची

संध्याकाळी आकाश पाहणाऱ्यांच्या डोक्यात "कृष्णपक्ष चांगला" हे पक्कं बसलेलं असतं. पहाटेसाठी गणित उलटं आहे. कृष्णपक्षात चंद्र उशिरा उगवतो आणि पहाटे डोक्यावर किंवा पूर्वेला लखलखत असतो. पहाटेच्या धूमकेतूसाठी कृष्ण त्रयोदशीच्या सुमारापासून शुक्ल एकादशी-द्वादशीपर्यंतचे दिवस धरा. शुक्ल दशमीचा चंद्र रात्री अडीच-तीनच्या सुमारास मावळतो, द्वादशीचा चारच्या पुढे. पौर्णिमेच्या आसपासचा आणि नंतरचा आठवडा-दहा दिवस सोडून द्यावेत. घरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर इथे कुठल्याही ॲपपेक्षा लवकर उत्तर देतं.

ऋतूचं म्हणाल तर जून ते सप्टेंबर आशा धरू नये. जुलै २०२० मधला निओवाइज धूमकेतू उत्तर गोलार्धात साध्या डोळ्यांनी दिसला, पण आपल्याकडे तेव्हा भर पावसाळा होता. ऑक्टोबरात परतीच्या पावसाचे ढग बहुधा दुपारनंतर चढतात, पहाट पुष्कळदा धुतल्यासारखी स्वच्छ मिळते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे मतलई वारा, आणि त्याने समुद्राची दमट हवा थोडी मागे हटते. नद्यांच्या खोऱ्यांत धुकं साचतं, पण सडा बहुतेक वेळा त्याच्या वर असतो. मार्चपासून मात्र हाच मतलई वारा भाजावळीचा (शेतात पालापाचोळा जाळण्याचा) आणि वणव्यांचा धूर आणतो, आणि तो थर नेमका पूर्व क्षितिजावर बसतो. या दिवसांत दहा अंशांखालच्या धूमकेतूच्या मागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आकडे वाचताना

तेजस्विता प्रतीत सांगतात. आकडा जितका मोठा तितकी वस्तू अंधूक, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभर पट. काळोख्या जागी साध्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. मग "धूमकेतू चौथ्या प्रतीचा" ही बातमी वाचून माणूस निर्धास्त होतो, आणि तिथेच फसगत होते. कारण दोन. एक तर ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत असतो, धूमकेतूचा पसरलेला असतो. चौथ्या प्रतीचा धूमकेतू चौथ्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा खूपच फिका वाटतो. देवयानी दीर्घिकेची एकूण प्रत ३.४ आहे, तरी शहरातून ती डोळ्यांना दिसत नाही, यावरून अंदाज येईल. दुसरं म्हणजे हवा. दमट हवेत क्षितिजापासून दहा अंशांवर साधारण दीड प्रतीइतका प्रकाश वाटेतच जिरतो, पाच अंशांवर तीन प्रतींच्या आसपास. म्हणजे पाच अंशांवरचा चौथ्या प्रतीचा धूमकेतू तुमच्यापर्यंत सातव्या प्रतीचा होऊन पोहोचतो, आणि तोही उजाडत असलेल्या आकाशात.

म्हणून आदल्या दिवशी स्टेलारियमसारख्या ॲपमध्ये तुमच्या गावाचं ठिकाण घाला (पुणे-मुंबईचं नव्हे) आणि तीन वेळांचे आकडे कागदावर उतरवा: सूर्योदयाआधी पंचाहत्तर मिनिटं, पन्नास मिनिटं आणि तीस मिनिटं. प्रत्येक वेळेला धूमकेतूची क्षितिजापासून उंची आणि उत्तरेपासून मोजलेली दिशा. या वेळा का, तर आपल्याकडे सूर्योदयाच्या साधारण सव्वा तास आधी पूर्वेला पहिला उजेड फुटू लागतो, पाऊण-पन्नास मिनिटं आधी क्षितिज स्पष्ट होतं आणि वीस-बावीस मिनिटं आधी उरतात ते फक्त ग्रह आणि ठळक तारे. रत्नागिरीत ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य साडेसहाच्या किंचित आधी, जानेवारीच्या मध्यावर सात-दहाच्या सुमारास आणि एप्रिलच्या मध्यावर सहा-वीसच्या सुमारास उगवतो, त्यावरून आपली वेळ काढा.

माझा ठोकताळा असा. सूर्योदयाआधी पन्नास मिनिटांच्या वेळी धूमकेतू पंधरा अंशांच्या वर असेल तर सहाव्या प्रतीपर्यंतचा धूमकेतू चांगल्या जागेवरून बायनॉक्युलरमध्ये मिळतो. दहा अंशांवर असेल तर चौथ्या प्रतीपर्यंतचाच हिशेब धरा. पाचच्या खाली असेल तर तो दुसऱ्या प्रतीचा किंवा त्याहून तेजस्वी असेल तरच झोप मोडा.

ॲपमधली प्रत हे भाकीत असतं. धूमकेतू भाकितं पाळतातच असं नाही. २०१३ च्या नोव्हेंबरात पहाटे चित्रा ताऱ्याजवळून गेलेल्या आयसॉनचा केवढा गाजावाजा झाला होता, आणि २८ नोव्हेंबरला सूर्याजवळून जाताना तो विखुरला. म्हणून निघण्याआधी गेल्या दोन-तीन दिवसांत निरीक्षकांनी प्रत्यक्ष नोंदवलेली प्रत पाहा. कॉब्स या धूमकेतू निरीक्षणांच्या संग्रहात जगभरातल्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी रोज जमा होतात. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आणि मुंबईचं खगोल मंडळ कित्येक वर्षं हौशी लोकांसाठी काम करतात. तिथल्या अनुभवी माणसांना विचारलंत तरी चालेल.

सामान

बायनॉक्युलर ७×५० किंवा १०×५०. यापेक्षा मोठी दुर्बीण शोधण्याच्या कामी उपयोगाची नाही, कारण तिच्यात आकाशाचा फार लहान तुकडा दिसतो. १०×५० मध्ये साधारण साडेसहा अंशांचं आकाश मावतं, शोधायला ते सोयीचं. १५×७० असेल तर तिवईवरच लावा, हातात ती थरथरते.

कोकणात बायनॉक्युलरची मोठी अडचण ओलावा ही आहे. वातानुकूलित खोलीतून थेट बाहेर काढलं की काचेवर वाफ धरते आणि पंधरा-वीस मिनिटं काहीच दिसत नाही. झोपताना ते बंद पिशवीत घालून खोलीबाहेर किंवा गाडीत ठेवा. सड्यावर वापर नसेल तेव्हा झाकणं लावलेली ठेवा, नाहीतर हिवाळ्यात दव बसतं. वाफ धरलीच तर पुसू नका, हवेवर सुकू द्या. खाऱ्या हवेतून आल्यावर काच कोरड्या कापडाने घासणं तर अजिबात नको. आधी रबरी फुंकणीने कण उडवा, मग काचेच्या कापडाने हलकेच टिपा, आणि सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात ठेवा. किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या दुर्बिणीत बुरशी धरते ती याच हलगर्जीने.

विजेरीला लाल जिलेटीनचा कागद दोन-तीन पदरी गुंडाळा. मोबाईल लागणार असेल तर त्याचा पडदा लाल करा. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाचा एक झोत ते सगळं घालवतो. हे सोबतच्या सगळ्यांना निघण्याआधीच सांगून ठेवा. बाकी टोपी, पाणी, चहाचा थर्मास.

पहाटेचा क्रम

सूर्योदयाच्या दीड तास आधी जागेवर पोहोचा. बसा, उजेड बंद करा आणि पंधरा मिनिटं नुसतं आकाश पाहा. याच वेळात बायनॉक्युलर एखाद्या ठळक ताऱ्यावर लावा. आधी उजवा डोळा झाकून मधलं चाक फिरवत डाव्या डोळ्याने तारा अगदी टोकदार बिंदू करा, मग डावा झाकून उजव्या डोळ्यापुढची कडी जुळवा. हे नीट केलं नाही तर प्रत्येक तारा धूसर दिसेल आणि प्रत्येक ताऱ्यात धूमकेतू भासेल.

आता दिशा. ध्रुवावरून उत्तर आली, तिथून मुठी मोजत या. हात पूर्ण लांब केल्यावर मूठ दहा अंश, मधली तीन बोटं पाच अंश. कागदावरच्या दिशेशी जुळणारी क्षितिजावरची खूण पक्की करा: एखादं झाड, मोबाईलचा मनोरा, डोंगराची खाच. सोबत चौघं असतील तर सगळ्यांनी तीच खूण धरायची. मग तिथून वर कागदावरच्या उंचीइतक्या मुठी-बोटं मोजा. जवळ ओळखीचा तारा असेल तर त्याच्यावरून उडी मारत जाणं आणखी खात्रीचं. मघा, चित्रा, स्वाती, सप्तर्षींचे तारे ओळखता येत असतील तर पुष्कळ काम होतं.

मग विंचरणी. बायनॉक्युलर खूणझाडाच्या डावीकडे वीसेक अंश नेऊन क्षितिजाच्या जरा वर धरा, हळूहळू उजवीकडे सरकवा. टोकाला पोहोचलात की अर्धं दृश्यक्षेत्र वर उचला आणि परत डावीकडे या. घाई करू नका, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबा. कोपर गाडीच्या बॉनेटवर किंवा काठीवर टेकवलेले असले की थरथर जाते आणि अंधूक वस्तू एकदम उठून दिसते. धूमकेतू पहिल्यांदा मिळतो तो काचेवर ओलं बोट टेकवून उचलल्यावर राहतो तशा पुसट ठशासारखा. त्याच्याकडे थेट पाहिलं की तो विरतो, नजर किंचित बाजूला नेली की परत येतो. डोळ्याच्या मधोमध अंधूक प्रकाश टिपणाऱ्या पेशी जवळजवळ नसतात, त्या कडेला असतात, म्हणून ही तिरकी नजर. तिचा सराव आदल्या रात्री करून ठेवा: हिवाळ्याच्या सुरुवातीला संध्याकाळी देवयानी दीर्घिका, एरवी पुष्य नक्षत्रातला तारकागुच्छ, उन्हाळ्याच्या तोंडावर दक्षिणेला नरतुरंगातला ओमेगा हा तारकागुच्छ.

पहिल्या फेरीत मिळाला नाही म्हणून निराश होऊ नका. धूमकेतू वर चढत असतो आणि आकाश उजळत असतं, या दोहोंच्या मधे पंधरा-वीस मिनिटांचा एक उत्तम काळ येतो. तो नेमका कधी येईल हे त्या दिवसाची हवा ठरवते. म्हणून दर पाच मिनिटांनी तोच पट्टा पुन्हा विंचरा.

मिळाल्यासारखा वाटला की खात्री करा. बायनॉक्युलर थोडं हलवा. काचेतलं प्रतिबिंब असेल तर ते ताऱ्यांच्या संदर्भात सरकतं, धूमकेतू ताऱ्यांशी पक्का राहतो. शेपटी सूर्याच्या विरुद्ध बाजूला असते, म्हणून पहाटे पूर्वेला ती साधारण वरच्या दिशेने जायला हवी. आडवी, ठळक, दोन्ही टोकांना तितकीच तेजस्वी रेघ दिसली तर ती विमानाची वाफ, उगवत्या सूर्याने उजळलेली. पाच मिनिटांत तिचा आकार बदलतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर पहाटे पूर्वेला एक रुंद, फिकट त्रिकोणी उजेड तिरपा वर चढलेला दिसतो. तो राशिचक्रीय प्रकाश, सूर्यमालेतल्या धुळीवरून परतलेला. शेपटी समजू नका, पण तो दिसतोय म्हणजे तुमची जागा खरोखर काळोखी आहे. तारकागुच्छ आणि दीर्घिकाही फसवतात. अठराव्या शतकात शार्ल मेसिए या फ्रेंच निरीक्षकाने आपली प्रसिद्ध यादी केली ती धूमकेतूशी गल्लत होणाऱ्या अशाच वस्तूंची. शंका आली तर नकाशात त्या जागी मेसिएची वस्तू आहे का ते पाहा. सर्वांत पक्का पुरावा दुसऱ्या पहाटेचा: धूमकेतू ताऱ्यांमधून सरकलेला असतो.

रंगाची अपेक्षा ठेवू नका. छायाचित्रांतला हिरवा रंग खरा आहे, तो कार्बनच्या जोडरेणूंचा, पण डोळ्याला बहुतेक धूमकेतू राखाडीच दिसतात.

फोटो काढायचा असेल तर आधी डोळ्यांनी पाहून घ्या. कॅमेरा तिवईवर, ५० मिलिमीटरची भिंग, छिद्र जास्तीत जास्त उघडं, पाच-सहा सेकंद, आयएसओ १६०० च्या आसपास, फोकस ताऱ्यावर हाताने, आणि दोन सेकंदांचा टायमर. आकाश उजळेल तसा वेळ कमी करत जा. मोबाईलही तिवईवर ठेवून नाइट मोडमध्ये बरं चित्र देतो.

सूर्योदयाच्या दहा मिनिटं आधी मोबाईलवर गजर लावून ठेवा आणि तो वाजला की सगळ्यांची बायनॉक्युलरं खाली. शोधण्याच्या नादात सूर्याची कड दृश्यक्षेत्रात आली तर डोळा कायमचा जाऊ शकतो. मुलं सोबत असतील तर हा नियम मोडू देऊ नका.

नोंद

परत निघण्याआधी, सड्यावरच, वहीत लिहा. तारीख, वेळ, ठिकाण, साधन, धूमकेतूची उंची, हवा कशी होती. आवरणाचा अंदाजे व्यास, मध्यभाग टोकदार की पसरट, शेपटी किती अंश आणि कोणत्या दिशेला. जमेल तर प्रतही काढा. जवळपासचे प्रत माहीत असलेले दोन तारे निवडा, एक धूमकेतूपेक्षा तेजस्वी आणि एक अंधूक. धूमकेतू स्पष्ट असताना तो किती मोठा आणि किती उजळ दिसतो हे डोळ्यांत ठेवा, मग बायनॉक्युलरचा फोकस बिघडवत ते तारे तेवढ्याच आकाराचे करा आणि तुलना करा. तारे धूमकेतूइतक्याच उंचीवरचे घ्या, नाहीतर हवेने गिळलेला प्रकाश हिशेब चुकवतो. दोन-तीन धूमकेतूंनंतर हात बसतो, आणि अशा नोंदी कॉब्सवर पाठवता येतात. भारतातून, त्यातही सोळा ते एकोणीस अक्षांशांच्या दरम्यानच्या या पट्ट्यातून, पहाटेच्या क्षितिजालगतच्या धूमकेतूच्या नोंदी जितक्या जातील तितक्या हव्या आहेत.

धूमकेतू दिसला नाही तरी वही कोरी ठेवू नका. त्या पट्ट्यात सर्वांत अंधूक तारा कितव्या प्रतीचा दिसला ते शोधून लिहा, म्हणजे धूमकेतू त्याहून फिका होता एवढं तरी त्या पहाटेपुरतं नक्की होतं.